चुकण्याची नोकरी

उज्ज्वला ढेंगळे पहिल्यांदा जाहीरपणे चुकली ती चंद्रापायी. ती चूक खरी होती. पुढच्या सगळ्या पगारी.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, अजूनही राहते. बार्शीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी येऊन 'उज्ज्वलाचं विज्ञान' नावाचा ब्लॉग लिहायची. ब्लॉग नीटनेटका, आकृत्या स्वच्छ, एक काना इकडचा तिकडे नाही. वाचणारे चाळीसेक. त्यातले निम्मे तिच्या माहेरचे, आणि एक मी, तोही घरमालक या नात्याने. तर एका संध्याकाळी, दिवसभर जनगणनेसाठी उन्हात दारं वाजवून आलेल्या त्या बाईने पेंगत पेंगत लिहून टाकलं, की चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, कारण चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही.

सकाळी उठून बघते तर चाळीसाचे चार हजार झालेले. लातूरच्या एका पोराने विजेच्या खांबाभोवती फिरतानाचा स्वतःचा व्हिडिओ टाकला होता. तोंड सतत खांबाकडे ठेवून फेरी मारली, तर फेरी पुरी होईस्तोवर माणूस स्वतःभोवतीही एकदा वळलेला असतो, चंद्राचंही तसंच, असं त्याचं म्हणणं. बरोबर होतं. एका निवृत्त तहसीलदाराने बाईंनी राजीनामा द्यावा असं सुचवलं होतं. उज्ज्वलाने जीभ चावली आणि दुरुस्ती करायला बसली, तेवढ्यात फोन आला. दुरुस्ती करू नका, फोनवरची बाई म्हणाली. आम्ही येतोय.

आल्या त्या मिस्कीन मॅडम, 'उजळणी'कडून.

उजळणी म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगायला नको, पण माझ्या वयाच्यांना सांगतो. पाठ्यपुस्तकं त्या सुमाराला जवळजवळ उठलीच होती. लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेले ब्लॉग, टाकलेल्या पोस्टी, छोटे व्हिडिओ, खालच्या कमेंटींतली भांडणं, हे सगळं एक यंत्र चाळायचं आणि प्रत्येक पोराला त्याच्यापुरता धडा ओवून द्यायचं. कुणाला पंढरपूरच्या डॉक्टरचा ब्लॉग, कुणाला सांगोल्याच्या डाळिंबवाल्याचा व्हिडिओ. आणि धडा डोक्यात शिरतोय की नाही, हे बघायला कानामागे बसणारी एक चिमटी. पोरं तिला कुडी म्हणायची. मुलगेसुद्धा बिनतक्रार घालायचे.

कुडीचं शास्त्र सोपं आहे. आपलं डोकं सारखं अंदाज बांधत असतं. अंदाज फसला की पापणी लवायच्या आत कपाळामागे विजेची एक बारीकशी बुडी पडते. डॉक्टरांना ती जुनीच ठाऊक होती, फक्त ती मोजायला डोक्यावर तारांचं जंजाळ लागायचं. ते काम कुडी कानामागून करू लागली, आणि लाखो पोरांच्या कानांतून एक गोष्ट वर आली. त्या बुडीनंतर थोडा वेळ स्मरण ओल्या मातीसारखं असतं, तेव्हा जे उमटेल ते वाळून पक्कं होतं. बिनचूक, स्वच्छ, शहाण्यासारखं लिहिलेलं वाचताना पोरं मान डोलवायची, कुडीची रेघ सपाट, आणि आठवड्याने डोक्यात काही नाही. पण कुणीतरी ठासून चुकीचं लिहिलंय, पोराला शंका आलीय, ते शोधाशोध करून खाली 'तुमचं चुकतंय' असं लिहितंय, तिथे रेघ उड्या मारायची. ते पोर तो धडा वर्षभर विसरत नसे.

आमच्या गल्लीतल्या पोरांनी एका बोक्याच्या कानाला कुडी लावली होती. बोका लोणी समजून चुन्याचा डबा चाटायला गेला आणि रेघ उसळली म्हणतात. मी स्वतः बघितलेलं नाही, पण त्या बोक्याने नंतर पांढऱ्या भिंतीलाही तोंड लावलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग यंत्रानेच चुका कराव्यात. केल्या की. पंधरवडाभर चाललं. मग पोरांनी ओळखलं, की हे मुद्दाम आहे, हा सापळा आहे. सापळा आहे म्हटल्यावर डोकं पैज लावत नाही, आणि पैज नाही तर बुडी नाही. माणसाचं डोकं फक्त दुसऱ्या माणसाशी पैज लावतं. खरं नाव, खरा फोटो, खरा ब्लॉग, आणि त्या माणसाला खरंच तसं वाटतंय अशी खात्री, एवढं असेल तरच.

मिस्कीन मॅडमना असा माणूस हवा होता. शाळा तर मोडीतच निघाली होती. नितीन, म्हणजे उज्ज्वलाचा नवरा, मस्कतला वायरमन, त्याचं काम आज आहे तर उद्या नाही. शरयू, मुलगी, तेव्हा पाचवीत. उज्ज्वलाने चहा केला, तोवर विचार केला आणि हो म्हणाली. हुद्दा मिळाला 'उत्तेजन सहायक'. अट एकच. या चुका मुद्दाम आहेत हे कुणालाही सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर अजिबात नाही. एका पोराला कळलं की त्याची कुडी सपाट होते, ते दुसऱ्याला सांगतं, आणि मग महाराष्ट्रभर रेघा झोपतात.

मला हे सगळं फार पुढे कळलं. तोवर मीही इतरांसारखाच तिला सुधारत होतो.

चुकणं सोपं असतं असं आपल्याला वाटतं, कारण आपण फुकट चुकतो. उज्ज्वलाला चूक घडवावी लागे. एका पोस्टीत एकच, बाकी सगळं चोख. चूक अशी हवी की चार शहाणी माणसंही तिच्यावर विश्वास ठेवतील. म्हणून ती भाजी बाजारात, पिठाच्या गिरणीत, बँकेच्या रांगेत लोक काय समजून चालतात ते ऐकत फिरायची. मग यायची पोस्ट. पाणी उकळायला लागल्यावर गॅस मोठा करा, बटाटे लवकर शिजतील. चुंबक मधोमध तोडा, एक तुकडा उत्तर होईल, दुसरा दक्षिण. खाली कमेंटींचं मोहोळ उठलं की तीनदा हिरिरीने वाद घालायचा आणि मग गप्प बसायचं. कबूल कधीच करायचं नाही. कबूल केलं की पोरांचा खेळ संपला.

बटाट्याच्या पोस्टीनंतर बार्शीत गॅस बारीक करण्याची साथच आली. पाणी एकदा उकळलं की गॅस कितीही मोठा केला तरी आणखी तापत नाही, हे हॉटेलवाल्यांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळ्यांना पाठ झालं. आणि हे ज्या बाईमुळे कळलं, ती बाई अडाणी आहे, हेही सगळ्यांना त्याच दिवशी कळलं.

लोक वाईट नव्हते. दूधवाला तिला लिटर म्हणजे किती ते समजावून सांगायचा. जुन्या शाळेचे मुख्याध्यापक रस्त्यात भेटले तर तिच्या तब्येतीची चौकशी करायचे, फार हळू आवाजात. नितीनने मस्कतहून फोन केला तो दोन बल्बांच्या पोस्टीवरून. एका तारेत ओळीने दोन बल्ब जोडले तर पहिल्यात वीज थोडी खर्च होते आणि दुसरा मंद पेटतो, असं तिने लिहिलं होतं. खरं तर सारखे बल्ब सारखेच पेटतात, वीज काही वाटेत सांडत जात नाही. नितीन म्हणाला, "अगं, मी इथे वायरमन आहे. सगळा कॅम्प विचारतोय, ही तुझीच बायको ना. निदान वायरिंग सोडून चुक." तिने त्याच्याशीही तीनदा वाद घातला. सवय.

आणि शरयू. पाचवीत असताना ती आईच्या ब्लॉगची लिंक सगळ्यांना पाठवायची. सातवीत पाठवेनाशी झाली. आठवीत तिला वर्गात कुणी काही चुकीचं बोललं की पोरं 'ढेंगळे बाईंचा नियम' म्हणून हसू लागली. एकदा ती जिन्यात रडत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, आप्पा, माझी आई लिहिण्याआधी एकदा बघत का नाही, फक्त एकदा. मी तिला पेरू दिला. दुसरं काय देणार.

त्यानंतर घरातलं बोलणं आटलं. जेवायला ये, डबा धुतलास का, दार लाव, एवढंच. शरयू आईच्या डोळ्यांत बघायची नाही. उज्ज्वला म्हणायची, वय आहे. मीही म्हणायचो, वय आहे.

पण ब्लॉगवर एक नवीन भांडखोर आला होता, 'कडक मीठ' या नावाचा. तो नुसतं चुकतंय म्हणून थांबायचा नाही, प्रयोग करायचा, फोटो टाकायचा, आणि शेवटी एक वाक्य असं मारायचा की वाचणाऱ्याच्याही गालाला लागावं. बटाट्याच्या वादात त्याने दोन पातेल्यांचा फोटो टाकला, एकाखाली मोठा गॅस, दुसऱ्याखाली बारीक, दोन्हींतले बटाटे सारखेच मऊ. उज्ज्वला उत्तर लिहायला बसली आणि तिचं लक्ष पातेल्याच्या काठाकडे गेलं. आपल्याकडे लग्नात भांडी देतात आणि देणाऱ्याचं नाव वर कोरून घेतात, नाही का. फोटोत अर्धी ओळ आली होती. '...ज्वला हिच्या लग्नात गुळवे मामांकडून.'

गुळवे मामा उज्ज्वलाचे. पातेलं तिच्याच ओट्यावरचं. आदल्या दिवशी घरात एवढे उकडलेले बटाटे का होते, हे तिला तेव्हा समजलं.

हे तिनेच मला पुढे सांगितलं. मग तिने नेहमीसारखं उद्धट उत्तर लिहिलं, कारण न लिहिलं असतं तर पोरीला संशय आला असता. समोरून लगेच प्रत्युत्तर आलं. आतल्या खोलीत बसून मुलगी टाइप करत होती, बाहेरच्या खोलीत आई. मधे एक पडदा. घरी चार वाक्यं न बोलणारी पोर रोज तास-तास आईशी भांडत होती.

तेव्हापासून उज्ज्वलाने हजारोंसाठी लिहिणं सोडलं. पोस्टी तशाच पडायच्या, पण लिहायची एकीसाठी. शरयू प्रकाशात अडखळली की ब्लॉगवर प्रकाश चुके. तरफेत गुण गेले की तरफ चुके. शरयू फणफणत शोधायची, वाचायची, ताडून बघायची, आणि आईला चारीमुंड्या चीत करायची. प्रत्येक वेळी थोडी अधिक शहाणी व्हायची, आणि प्रत्येक वेळी आईबद्दलचा आदर थोडा कमी उरायचा. उज्ज्वलाला दोन्ही दिसत होतं. ती म्हणाली, आप्पा, चालत्या गाडीतून मागचं गाव लहान होताना दिसतं ना, तसं मी तिला लहान होताना दिसत होते. गाडी पुढे चाललीय याचा आनंद मानायचा की काय करायचं.

दमली होती हो ती. रोज खोटं ठासून सांगायचं म्हणजे थोडं खरं मानावं लागतं, नाहीतर शब्दांत जोर येत नाही. ते थोडं थोडं साचत गेलं. एक दिवस कपडे वाळत घालता घालता तिने मला विचारलं, "आप्पा, इंद्रधनुष्यात तांबडा वर असतो की खाली?"

मी म्हटलं, बाई, तुम्ही मला विचारताय.

ती हसली नाही. हातातला ओला पंचा तसाच धरून म्हणाली, मी दोन्ही लिहिलंय. दोन्हींच्या बाजूने भांडलेय. आता आतून काही येत नाही.

दहावीनंतर दोन वर्षांनी पुण्याच्या एका मोठ्या विज्ञान संस्थेची प्रवेश परीक्षा होती. बार्शीतून आजवर कुणी तिथे गेलेलं नव्हतं, आणि शरयूला तेवढं एकच हवं होतं. परीक्षा उन्हाळ्यात. त्याआधी थंडीत उजळणीने जिल्ह्यातल्या उत्तम दुरुस्तीकारांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं यथासांग. कडक मीठ हे नाव पुकारलं गेलं आणि शरयू ढेंगळे स्टेजवर चढली, तेव्हा सभागृहात आधी कुजबुज झाली आणि मग जो हशा पिकला, तो मी नाटकालाही ऐकलेला नाही. उज्ज्वला माझ्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसली होती. मिस्कीन मॅडम मागच्या रांगेत, बरोबर तिच्या पाठीमागे.

निवेदकाने विचारलं, या यशाचं श्रेय कुणाला. अशा वेळी पोरं आई-वडील आणि गुरुजन म्हणतात. शरयूने माइक धरला, खाली बघितलं आणि म्हणाली, "आईला. तिने काहीच नीट लिहिलं नाही, म्हणून मला सगळं शोधावं लागलं."

पुन्हा हशा. लोकांना वाटलं, पोरगी विनोदी आहे. तिच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता.

उज्ज्वलाने खुर्चीचे दोन्ही हात धरले. उठतेय असं मला वाटलं. नंतर तिने सांगितलं, की ती उठलीच होती, फक्त अंग आलं नाही बरोबर. उठून काय म्हणायचं ते तोंडाशी आलं होतं. पण मिस्कीन मॅडमची तिला भीती वाटली नाही, नोकरीचीही नाही. तिला आठवलं, की शरयूचं विद्युतचुंबकत्व अजून व्हायचंय. आत्ता कळलं तर रेघ आत्ता झोपेल, आणि परीक्षेत त्याच्यावर हमखास प्रश्न असतात. म्हणून ती बसली. टाळ्याही वाजवल्या. माझ्या शेजारची बाई पुढे वाकून तिला म्हणाली, नशीबवान आहात, मुलगी वडिलांवर गेली.

विद्युतचुंबकत्वावर तिने त्या वसंतात ज्या चुका केल्या, त्या मी म्हणतो संग्रहालयात ठेवाव्यात. शरयूने त्यातली एकही सोडली नाही. परीक्षा झाली. निकाल लागला. पोरगी पुण्याला जाणार हे ठरलं.

निघायला काही आठवडे होते आणि हाताला काम नव्हतं. कुडी काढून टाकलेली. रिकामं डोकं नको तिथे बघतं. शरयूला एक गोष्ट खटकली. आईच्या चुका फार चांगल्या होत्या. जिला काही येत नाही, तिच्या पोस्टीत एकच चूक कशी. आणि ती नेमकी आपण जिथे अडखळलो तिथेच, थोड्याच दिवसांत कशी.

तिने प्रयोग मांडला. एकदा फोनवर मैत्रिणीला मोठ्याने सांगितलं, आई पलीकडे भाकरी थापत असताना, की भिंगाचा अर्धा भाग झाकला तर प्रतिमाही अर्धीच दिसते. हे चूक आहे, प्रतिमा पूर्णच दिसते, फक्त फिकी. दुसरी तसलीच एक चूक, आवाजाबद्दलची, ती मैत्रिणीच्या घरी जाऊन बोलली, जिथे आई नव्हती. आठवडा व्हायच्या आत ब्लॉगवर भिंग आलं, अर्ध्या प्रतिमेसकट. आवाज आला नाही. तिने हेच पुन्हा एकदा वेगळ्या चुकांवर करून बघितलं. पुन्हा तेच.

एवढी वर्षं आईच्या चुका शोधत बसलेल्या पोरीला सगळ्यात मोठी चूक सापडली होती, आणि ती तिची स्वतःची होती. आईला काही येत नाही, हीच.

ती सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली आणि विचारलं. उज्ज्वला म्हणाली, काहीतरीच काय. शरयूने भिंगाचं सांगितलं. उज्ज्वला म्हणाली, योगायोग असतो. शरयूने आवाजाचं सांगितलं. उज्ज्वला म्हणाली, तुला ना फार डोकं झालंय, बॅग भर. तीनदा वाद झाला. मग ती गप्प बसली, ठरल्याप्रमाणे. मुलीला खरं काय ते सांगायचं मनात होतं, पण ते कुठून सुरू करतात, हेच तिला आठवेना.

शरयूने पुन्हा विचारलं नाही. ती जिन्यात आली आणि मला हाक मारली. आप्पा, वर या, साक्षीदार पाहिजे.

दुपार होती. बार्शीचा उन्हाळा, पंखा नुसता गरम वारा ढवळत होता. टेबलावर एक स्टीलचं ताट, ताटात काचेचा पेला, पेल्यात काठोकाठ पाणी आणि वर डोकं काढून तरंगणारे बर्फाचे खडे. अजून एक थेंब घातला असता तर सांडलं असतं. उज्ज्वला खुर्चीत अशी बसली होती, जशी माणसं दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात.

शरयू म्हणाली, "बर्फ वितळला की पाणी सांडणार."

उज्ज्वलाने मान वर केली.

"बघ ना," शरयू म्हणाली. "एवढा बर्फ पाण्याच्या वर आहे. तो वितळून पाणी होणार. ते जाणार कुठं. सांडणारच."

मला ते पटलं. मी खिशातला रुमाल काढून तयार ठेवला. पण उज्ज्वलाकडे बघितलं तर तिचा चेहरा बदललेला. एखाद्या शिंप्याने दुसऱ्याच्या सदऱ्याची शिवण बघावी तशी ती ते वाक्य बघत होती. चूक एकच होती, बाकी सगळं चोख, आणि अगदी पटण्यासारखी. ही चूक केलेली होती, झालेली नव्हती, हे तिला लगेच कळलं. कुणासाठी केलेली तेही.

तिने तोंड उघडलं आणि सवयीने हो येणार होतं. मला ओठांवर दिसलं ते. तिने ओठ मिटले. डोळे मिटले. इतकी वर्षं जिथे काही ठेवलं नव्हतं तिथे ती काहीतरी चाचपडत होती, आणि शरयू मदत न करता उभी होती. ते उभं राहणं तिला सोपं गेलं नसणार.

"नाही," उज्ज्वला म्हणाली. "नाही सांडणार."

"कशावरून?"

"बर्फ तरंगतोय ना. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते." ती एकेक शब्द पारखून ठेवत होती. "बर्फाने जितकं पाणी सारलंय, त्याचं वजन बर्फाइतकं. तो वितळला की तितकंच पाणी होणार. ज्या खळग्यात तो बसलाय, तो खळगा बरोबर भरणार. काठापर्यंत. वर नाही."

"मला नाही पटत," शरयू म्हणाली.

मग आम्ही तिघं पेल्याकडे बघत बसलो. बर्फ वितळायला वेळ लागतो. दुसरं करायला काहीच नसलं की फारच लागतो. खडे बारीक होत गेले, एकदा एक खडा उलटला तेव्हा मी रुमाल पुढे केला. आणि मग मला ताटात पाणी दिसलं. पेल्याच्या बुडाभोवती चांगली ओली कडी.

मी म्हटलं, सांडलं की हो.

शरयू म्हणाली, "बघ. सांडलं."

उज्ज्वलाचा चेहरा पडला. पुराव्यापुढे चेहरा पडायची तिला सवयच होती. तिने ताटाकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी ती सोडून देईल असं मला वाटलं. वर्षानुवर्षं सगळी बार्शी तिला चूक म्हणत होती, आता ताटही म्हणत होतं. मग तिने पदराने पेल्याची बाहेरची बाजू पुसली. काच कोरडी झाली. ती बघत राहिली. थोड्या वेळाने काचेवर पुन्हा बारीक बारीक थेंब धरले, काठाच्या खूप खाली, मधोमध.

"हे आतलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "हे हवेतलं पाणी आहे. काच थंड आहे, हवेतली वाफ तिच्यावर येऊन बसतेय. आतून सांडलं असतं तर काठावरून ओघळ आला असता. काठ बघ. बाहेरून काठ कोरडा आहे. आप्पा, बोट लावून बघा."

मी बोट लावलं. कोरडा होता.

"तरी मला वाटतं," शरयू म्हणाली.

"तुला काय वाटतं त्याला काय अर्थ आहे, काठ बघ म्हणते ना."

आणि मग ती थांबेना. काठावरून ती तरंगण्यावर गेली, तरंगण्यावरून जहाजावर, गोड्या पाण्यातला बर्फ आणि खाऱ्या पाण्यातला बर्फ, समुद्रावर तरंगणारे हिमनग आणि डोंगरावर बसलेला बर्फ यांत काय फरक, डोंगरावरचा वितळला की समुद्र का वाढतो. मधेच इंद्रधनुष्यात तांबडा वर असतो, असंही सांगितलं, आम्ही कुणी विचारलं नव्हतं. शरयू पाय पोटाशी घेऊन, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकत होती. यातलं एकूण एक तिला येत होतं. कानामागे कुडी नव्हती, त्यामुळे रेघ उसळली की सपाट होती ते सांगता येत नाही. अधूनमधून ती म्हणायची, कशावरून, आणि आई सांगायची कशावरून.

सोमवारी पुन्हा पोस्ट टाकायची होती. करार संपायला अजून अवकाश होता, आणि दुसऱ्यांची पोरं होतीच की शिकायची. पण त्या दुपारी ते कुणी काढलं नाही.

बोलता बोलता उज्ज्वलाचे शब्द लांबत गेले. हिमनगाचा केवढा भाग पाण्याखाली असतो ते सांगत होती, तो भाग सांगून झाला नाही. खुर्चीतच मान एका बाजूला कलली आणि तिला झोप लागली. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणा. मी तिला इतकी वर्षं बघतोय, इतकी गाढ झोपलेली कधी बघितली नव्हती.

पेल्यातला शेवटचा खडा कधीच वितळला होता. पाणी काठाशी टम्म फुगून उभं होतं, एक थेंब बाहेर नाही. ताट तिच्या कोपराला अगदी लागून होतं, झोपेत हात हलला असता तर सगळं अंगावर आलं असतं. ते हलवायला हवं होतं, आणि एवढा भरलेला पेला उचलणार कसा. शरयूने मला गप्प राहायची खूण केली. ती टेबलापाशी गेली, हात मागे बांधले, खाली वाकली, पेला जागच्या जागी ठेवूनच त्याच्या काठाला ओठ लावले आणि आवाज न करता दोन घोट प्यायली. मग तिने पेला उचलला आणि आत नेऊन ठेवला.